टीम मुलांच्याच हातात कशी ठेवायची

शाळेत असताना मी एफटीसी या रोबोट बनवायच्या स्पर्धेच्या टीममध्ये होते. आता इंजिनिअरिंगला आहे आणि पुण्यातल्या एका टीमची मेंटर आहे. जूनमध्ये शाळा उघडल्या की आठवी-नववीतली मुलं विचारतात, "ताई, टीम काढायची तर सुरुवात कुठून करायची?" हे त्यांच्यासाठी लिहितेय. त्यांच्या आईबाबांनीही वाचावं, कारण अर्ध्या सूचना त्यांनाच आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीन केमन यांनी १९८९ साली अमेरिकेत 'फर्स्ट' ही संस्था काढली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला एका हायस्कूलच्या जिममध्ये पहिली स्पर्धा झाली, तेव्हा २८ टीम होत्या. एफटीसी, म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज, ही त्याच संस्थेची १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीची स्पर्धा. सप्टेंबरमध्ये नवा गेम जाहीर होतो. मैदान १२ फूट बाय १२ फूट, मॅच अडीच मिनिटांची. पहिले ३० सेकंद बॉट, म्हणजे टीमचा रोबोट, फक्त कोडवर चालतो, नंतरची दोन मिनिटं ड्रायव्हर चालवतात. प्रत्येक बाजूला दोन टीमची अलायन्स, म्हणजे जोडी, असते.

एका टीममध्ये जास्तीत जास्त १५ जण घेता येतात. पंधराही जण कोडिंगवाले घेऊ नका. हिशेबाची वही नीट ठेवणारी एक मुलगी, कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, भागांची चित्रं काढण्यात रमणारा एक जण आणि अनोळखी माणसाशी न बिचकता बोलणारं कोणीतरी हवंच. आठवी-नववीतली मुलं निम्मी तरी असू द्या. आपल्याकडे दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा ऐन सीझनमध्ये येतात आणि डिसेंबरपासून ती मुलं सुटतात. ती सुटणारच आहेत, हे धरूनच कामं वाटा. बारावीतल्या मुलाकडे ऑटोचा, म्हणजे पहिल्या ३० सेकंदांचा, कोड असेल, तर नववीतली एक मुलगी पहिल्या दिवसापासून त्याच्या शेजारी बसलेली हवी.

आता मुख्य गोष्ट. टीमला दोन मोठी माणसं कोच म्हणून लागतातच, तसा नियम आहे. त्यांनी काय करायचं हे सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या. नोंदणी करणं, पैसे भरणं, गाडीतून सामान नेणं, ड्रिल चालू असताना डोळ्यांवर गॉगल आहे ना हे पाहणं आणि रात्री उशीर झाला तर थांबणं, ही त्यांची कामं. बॉटवर स्क्रू आवळणं हे त्यांचं काम नाही. आमच्याकडे नियम एकच आहे: ॲलन की मोठ्यांच्या हातात जायची नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणारे बाबा असतील तर त्यांच्याकडून शिकायलाच हवं, पण ते भंगारातल्या पट्टीवर. टॅप कसा मारायचा, म्हणजे भोकात स्क्रूचे आटे कसे पाडायचे, ते त्यांनी भंगारावर दाखवायचं, बॉटवर मुलांनी मारायचा. वाकडा गेला तर वाकडा. पुढचा सरळ जातो.

"पण मुलांचं एकमत होत नाही," अशी तक्रार पालक करतात. होऊच नये. मत मोजण्यापेक्षा बॉट काय करतो ते मोजा. समजा, वस्तू उचलायचे दोन इनटेक सुचले आहेत, एक रबरी चाकांचा आणि एक पंजाचा. दोन्ही पुठ्ठा आणि एमडीएफमध्ये बनवा, प्रत्येकाला वीस वेळा वस्तू उचलायला लावा आणि किती वेळा जमलं ते वहीत लिहा. कॅप्टनचा लाडका पंजा वीसपैकी नऊ वेळा उचलत असेल आणि सातवीतल्या मुलाची चाकं सतरा वेळा, तर वाद तिथंच संपतो. ते पान जपून ठेवा, जजेसना तेच पाहायचं असतं.

सामानाचं गणित लवकर मांडा. मोटर आणि बॅटरी नियमांत दिलेल्या यादीतल्याच चालतात. त्या बहुतेक बाहेरून मागवाव्या लागतात आणि कस्टममध्ये दिवस जातात, म्हणून ऑर्डर ऑगस्टमध्येच टाका. वायर, हीट श्रिंक, झिप टाय यांसाठी तापकीर गल्ली आणि बुधवार पेठ पुरते, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि ॲक्रिलिक तुम्ही हवं तसं कापून वापरू शकता. लेझर कटिंगवाल्याकडे मुलांनी स्वतः जायचं: डीएक्सएफ फाइल (कापायच्या आकाराचं चित्र), शीटची जाडी आणि नग सांगायचे, दर विचारायचा. ही बोलणी मुलांना वर्गात कोणी शिकवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी बॉट नुसता चालू तरी द्या. चार चाकं, वायरिंग, दोन गेमपॅड, बस्स. सुट्टीत मग हात, लिफ्ट, इनटेक हे सगळं त्या चालत्या गाडीवर चढवता येतं. मॅच सुरू होताना बॉट प्रत्येक बाजूने १८ इंचांत बसायला हवा. आतून बरोबर तेवढाच पुठ्ठ्याचा खोका बनवून वर्कशॉपमध्ये ठेवा आणि नवा भाग लावला की लगेच त्यात घालून पाहा.

स्पर्धेच्या दिवशी बॅटऱ्यांवर नंबर टाका आणि कोणती कधी चार्ज केली ते लिहा. मैदानाजवळ ड्रायव्हरसोबत त्याला सूचना देणारा ड्राइव्ह कोच असतो. तिथं मोठं माणूस उभं राहिलेलं नियमाला चालतं, तरी विद्यार्थीच उभा करा. आमच्या टीममध्ये त्यावर चर्चाही होत नाही. आणि पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, कोणी सर्वो (छोटी मोटर) मागायला आलं तर द्या. सकाळी जी टीम समोर असते ती दुपारी तुमच्या अलायन्समध्ये येते, पण त्यासाठी देऊ नका. कोणाचा बॉट पिटमध्येच पडून राहिला तर त्या मुलांची अख्ख्या वर्षाची मेहनत कोणी बघतच नाही. एमआयटीचे वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धेत रुजवलेली 'ग्रेशस प्रोफेशनलिझम' ती हीच: जीव तोडून खेळायचं आणि समोरच्याला मान द्यायचा.

जजेससमोर तुमच्या कामाचा पोर्टफोलिओ असतो, मुखपृष्ठ सोडून १५ पानांचा. तिथं पाच मिनिटं तुम्ही बोलता, मग ते प्रश्न विचारतात. मराठी माध्यमातली मुलं इथं मागे सरकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. लिफ्ट त्यांनीच बांधलेली असते आणि बोलतो दुसराच. म्हणून मीटिंग मराठीत घ्या. ज्याने काम केलंय त्याला ते आधी मराठीत पूर्ण सांगू द्या, मग त्याच्याच शब्दांची छोटी इंग्रजी वाक्यं करा आणि त्यालाच बोलायला लावा. "आय मेड धिस, इट ब्रोक हिअर, सो आय चेंज्ड इट." जजला एवढं पुरतं.

गावाकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा गणपतीत मंडळासमोर बॉट घेऊन जाल तेव्हा भाषण आवरा आणि गेमपॅड त्या मुलांच्या हातात द्या. आधी कोडमध्ये मोटरची पॉवर ०.४ वर आणा, कुंपण म्हणून भोवती दोरी बांधा आणि एक जण सतत स्टॉपच्या बटणापाशी ठेवा.

सीझन संपला की एप्रिलमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाकडून सुट्टी लागायच्या आत हस्तांतर करून घ्या. कोडच्या रिपॉझिटरीची (कोड जिथं साठवतो त्या जागेची) मालकी, टीमच्या ईमेलचा पासवर्ड, कॅडच्या फाइल, प्रायोजकांची यादी आणि कोणाचे आभार मानायचे राहिलेत ते, सामानाच्या कपाटाची किल्ली. नव्या मुलाने जुन्याच्या समोर बसून कोड बॉटवर टाकून दाखवायचा, एकट्याने, न विचारता. अडला तर दोघांनी मिळून ती पायरी वहीत लिहायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.