चाळीस तबकड्या आणि एक कडप्पा: नागपुरात सोल-डिस्कोची रात्र कशी उभारायची

इंग्लंडातल्या विगन कसिनो या नाचाच्या क्लबात 1973 ते 1981 या काळात रात्रभर नाच चालायचा आणि त्याचा शेवट ठरलेल्या तीन गाण्यांनी व्हायचा. सकाळचे आठ वाजत आले की टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि डीन पॅरिश या गायकांचं एकेक गाणं. नाचणाऱ्याला डोळे मिटूनही कळायचं की आपण कुठे आहोत. नागपुरात महिन्यातून एक रात्र सोल (अमेरिकन कृष्णवर्णीयांचं गाणं) आणि त्यातून निघालेल्या डिस्कोची भरवायची असेल तर पहिलं काम हेच: आपली शेवटची तीन गाणी ठरवा आणि दर महिन्याला तीच ठेवा. बाकीची तबकड्यांची पेटी त्यानंतर भरा. गच्चीचा विचार मात्र सोडा. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, बंद हॉलच हवा.

चार तासांना 35 ते 40 तबकड्या पुरतात. 12 इंची सिंगल म्हणजे एका बाजूला एकच लांब गाणं असलेली मोठी तबकडी; तिच्यावरचं गाणं सरासरी सहा-सात मिनिटांचं असतं. जास्त नेल्या की शोधण्यातच वेळ जातो.

पेटीचा कणा फिलाडेल्फियाचा ठेवा. हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं 1973 चं 'द लव्ह आय लॉस्ट' नुसत्या ड्रमसाठी ऐका. अर्ल यंग प्रत्येक मात्रेला बास ड्रम मारतो आणि दोन मात्रांच्या मध्ये हाय-हॅट (पायाने चालणारी झांजांची जोडी) 'त्स्स' करून उघडतो. पुढच्या सगळ्या डिस्कोचा ठेका इथून आला. मग डबल एक्स्पोजरचं 'टेन पर्सेंट' घ्या. 1976 साली साल्सोल या रेकॉर्ड कंपनीने दुकानात विक्रीला आणलेली ही पहिली 12 इंची सिंगल. डीजे वॉल्टर गिबन्सने ते गाणं ताणून नऊ मिनिटांच्या पुढे नेलं, त्यामुळे मधल्या मोकळ्या ठेक्यात पुढची तबकडी आणायला ऐसपैस जागा मिळते. डॉना समरचं 'आय फील लव्ह' आणि शीकचं 'गुड टाइम्स' हवंच. मनू दिबांगोचं 'सोल मकोसा' न्यूयॉर्कमध्ये आधी डेव्हिड मँकुसोच्या 'लॉफ्ट' या घरगुती नाचाच्या पार्टीत वाजलं, रेडिओवर नंतर गेलं. आणि बेंगळुरूच्या बिड्डूने केलेलं 'कुंग फू फायटिंग' ठेवाच. 'आप जैसा कोई'वर वाढलेल्या गर्दीला तोच हात लगेच ओळखू येतो.

एक तबकडी अशी ठेवा जी पहिल्यांदा लोकांना आवडणार नाही. टाना गार्डनरचं 'हार्टबीट' 1981 चं, मिक्स डीजे लॅरी लेव्हनचा, लय मिनिटाला शंभर मात्रांच्या आसपास. लेव्हनच्या न्यूयॉर्कमधल्या पॅरडाइज गराज या क्लबात सुरुवातीला ते लागलं की लोक फ्लोअर सोडून जायचे असं सांगतात. लेव्हन लावतच राहिला आणि ते त्या क्लबचंच गाणं झालं. म्हणून फ्लोअर रिकामं झालं तरी घाबरून सुई उचलू नका. पुढच्या महिन्यात त्याच वेळेला पुन्हा लावा.

आता टर्नटेबल. अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेलं एसी मोटरचं बेल्ट ड्राइव्ह (पट्ट्याने फिरणारं) मशीन असेल तर व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून काम भागत नाही. तिथली वीज 60 हर्ट्झ, आपली 50. साधी एसी मोटर त्या प्रमाणात हळू फिरते, मिनिटाला 33 चे 28 फेरे होतात आणि हार्मोनियमवरच्या काळी चारचं गाणं पांढरी चारमध्ये रडत येतं. 50 हर्ट्झची पुली मिळाली तर ठीक, नाहीतर ते घरी ऐकण्यापुरतंही नाही. टेक्निक्सच्या 1200 सारख्या क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हला (मोटर थेट चकतीखाली, वेग क्वार्ट्झवर बांधलेला) ही अडचण येत नाही, फक्त व्होल्टेज बघून घ्या.

सुईचा भार कंपनीने दिलेल्या मर्यादेत ठेवा. डीजे कार्ट्रिजला (सुई बसते तो भाग) बहुधा तीन ग्रॅमच्या आसपास लागतो. आधी आर्म हवेत आडवा तरंगेल असं मागचं वजन फिरवा, आकड्याची चकती शून्यावर आणा, मग हवा तेवढा भार द्या. इतवारीत सराफाकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा असेल तर मोजूनच घ्या. सुई उडते म्हणून वर नाणं चिकटवणं बंद करा. त्याने खाचा कायमच्या खरवडल्या जातात. सुई उडण्याचं कारण बहुतेक वेळा टेबल असतं.

तिथेच कडप्पा लागतो. दोन फूट बाय दीड फूट, इंचभर जाड तुकडा साधारण 18 किलोचा भरतो. प्रत्येक टर्नटेबलखाली वेगळा ठेवा आणि त्याखाली चार कोपऱ्यांना जाड रबर. पाणसळ लावून सपाटी बघा. मग न फिरणाऱ्या तबकडीवर सुई ठेवा, आवाज रात्री असेल तेवढा चढवा आणि टेबलावर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून 'धूंऽऽ' येऊन वाढत गेलं तर बास टेबलातून सुईत परत शिरतोय. बास स्पीकर लाकडी स्टेजवरून खाली फरशीवर घ्या. नुसती सपाट गुणगुण येत असेल तर अर्थिंगची तार मिक्सरला लागलेली नाही.

लय आधी घरी मोजा: 15 सेकंदांत मात्रा मोजून चारने गुणा, आकडा कव्हरवर पेन्सिलीने लिहा. 'गुड टाइम्स' 110 च्या आसपास, 'आय फील लव्ह' 127 च्या आसपास. मधलं अंतर 15 टक्क्यांचं आणि पिच (टर्नटेबलचा वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी) मिळतो आठ टक्के, म्हणजे या दोघांच्या मध्ये दोन-तीन पायऱ्या हव्यातच. सहा टक्के वाढवलं की गाणं काळी एकवरून पांढरी दोनवर चढतं आणि गळा चिमटल्यासारखा होतो. तीन-चार टक्क्यांच्या पुढे जाऊ नका.

जुन्या सोलमध्ये ड्रमर माणूस आहे. कोरसला तो पुढे सरकतो, कडव्याला मागे येतो. त्यामुळे दोन तबकड्या सुरुवातीला जुळल्या तरी मिनिटभरात घोडे उधळल्यासारखा आवाज येतो. दोन गाण्यांची जोड 32 मात्रांत संपवा, म्हणजे 120 च्या लयीत 16 सेकंदांत. 'आय फील लव्ह' मशीनवर बांधलेलं असल्याने तिथे लांब जोड चालते. जमत नसेल तर गाणं पूर्ण वाजू द्या. मँकुसो पुढे तेच करायचा आणि लॉफ्ट त्यावर चाललं. एलपीच्या एका बाजूला पाच-सहा गाणी कोंबलेली असतात म्हणून खाचा अरुंद आणि बास कमी. 12 इंचीनंतर एलपी लावताना गेन (मिक्सरवरची आवाजाची खुंटी) थोडा वर घ्या.

धुण्याला नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. लिटरभर डिस्टिल्ड वॉटर, 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. लाखेच्या जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका, ती विरघळते.

मे महिन्यात कूलर तबकड्यांकडे तोंड करून ठेवू नका. ओल्या हवेने स्टॅटिकची चरचर कमी होते खरी, पण पुठ्ठ्याला लाटा येतात आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. पेट्या उभ्या लावा, आडव्या कधीच नाही. रात्र संपली की तबकड्या सरळ घरी न्या. सकाळी तर्री पोह्याला थांबायचं असेल तर पेटी आपल्याबरोबर टपरीच्या सावलीत येते. ऊन चढल्यावर बंद गाडीत 60 अंशांच्या वर जातं आणि तबकडीची कड बशीसारखी वळते. ती पुन्हा सरळ होत नाही.