मेजर-मायनर निवडताना या चुका टाळा

अर्थशास्त्र मेजर म्हणजे मुख्य विषय, संख्याशास्त्र मायनर म्हणजे जोडीचा विषय, तोंडी लावायला मानसशास्त्राचा एखादा पेपर. ऐकायला झकास. यातून पुढे काय करणार, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "बघू, डेटामध्ये काहीतरी." घोडं पेंड खातं ते इथंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विषय आधी घ्यायचे आणि पात्रतेची अट नंतर वाचायची. वरचीच जोडी घ्या. समजा, मुलीने संख्याशास्त्र तिसऱ्या सेमिस्टरला सुरू केलं, सहाव्यापर्यंत नेलं, गुणही उत्तम मिळवले. पदवीनंतर ती स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेचा, म्हणजे केंद्र सरकारच्या पदवीधर पातळीवरच्या भरतीचा, फॉर्म भरायला बसते. कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पदाला बारावीच्या गणितात किमान ६० टक्के किंवा पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय, एवढं पुरतं. तिथे ती बसते. पण सांख्यिकी अन्वेषक, श्रेणी २ या पदाची अट पुढे जाते: संख्याशास्त्र तिन्ही वर्षं किंवा सहाही सेमिस्टर शिकलेलं हवं. हिची चारच भरतात. मग परीक्षेत कितीही गुण पडोत, कागदपत्र पडताळणीत हे पद हातचं जातं.

यूपीएससीकडे वळलं तर आणखी गंमत. भारतीय सांख्यिकी सेवेला पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी चालतं. भारतीय आर्थिक सेवेला मात्र अर्थशास्त्राची किंवा त्याच्या ठरावीक शाखांची पदव्युत्तर पदवीच लागते. म्हणजे जो विषय जोडीला म्हणून घेतला त्यावर पदवीनंतर लगेच अर्ज करता येतो, आणि मुख्य विषयासाठी आधी एम.ए. करावं लागतं. हे पहिल्या वर्षी कळलं असतं तर निवड वेगळी झाली असती. कळायला लागला असता फार तर एक तास. पण जाहिरात मुळातून वाचायचा कंटाळा, आणि दहा मिनिटांच्या व्हिडिओवर गाढ विश्वास.

यावर उपाय साधा आहे. डोळ्यासमोरच्या तीन-चार वाटांच्या ताज्या जाहिराती किंवा प्रवेश पुस्तिका उतरवून घ्या. एका कागदावर तीन रकाने आखा: पद किंवा अभ्यासक्रम, अट जशीच्या तशी, आणि ती आपल्या गुणपत्रकात कुठे दिसेल. अट आपल्या शब्दांत लिहू नका. 'एक विषय म्हणून' आणि 'तिन्ही वर्षं' यांतला फरक नेमका तिथेच पुसला जातो. तिसरा रकाना भरताना पेपरचं छापील नाव बघा. वर्गात शिकवलं संख्याशास्त्रच, पण गुणपत्रकावर 'बिझनेस ॲनालिटिक्स' छापलं असेल, तर पडताळणीच्या टेबलावर समजावत बसावं लागतं. हा कागद मायनर ठरवण्याआधी हवा. नंतर केला तर वरातीमागून घोडं.

मायनरला डबल मेजर म्हणणं, ही दुसरी खोड. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट आहेत. त्यात मेजरला किमान ६०, मायनरला २४. दुसरा मेजर म्हणवून घ्यायला त्या विषयात एकूण क्रेडिटच्या ४० टक्के, म्हणजे ४८ क्रेडिट लागतात. एक क्रेडिट म्हणजे १५ तास अध्यापन, तेव्हा हा फरक ३६० तासांचा आहे. विद्यापीठागणिक आकडे थोडे बदलतात, आपल्या विद्यापीठाचे बघा. पण रिझ्युमेवर 'डबल मेजर' लिहून मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला गडबडणं टाळता येतं.

रिझ्युमेत दुसरी उणीव दिसते ती अशी: दोन विषय दोन ओळींवर, आणि दोन्ही लागतील असं काम एकही नाही. भूगोल आणि संख्याशास्त्र शिकलात ना? मग जिल्ह्यातल्या तालुक्यांची दहा वर्षांची पावसाची आकडेवारी घ्या, प्रत्येक तालुक्याची सरासरी आणि चढउतार काढा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर मांडा आणि दोन पानांत निष्कर्ष लिहा. क्यूजीआयएस फुकट आहे. सगळ्यात जास्त वेळ खातं ते तालुक्यांच्या नावांचं स्पेलिंग जुळवणं: आकडेवारीत एक, नकाशाच्या फाइलीत दुसरं, आणि मग अर्धे तालुके कोरे दिसतात. ही कटकट स्वतः निस्तरलेला विद्यार्थी मुलाखतीत लगेच ओळखू येतो. आठ ऑनलाइन प्रमाणपत्रांच्या चळतीने ते होत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. दोन पदव्या एकाच वेळी करायला २०२२ पासून मुभा आहे, पण दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. आधी वेळापत्रक, मग फी. मैत्रिणीने घेतला म्हणून मायनर घेऊ नका. मिळवलेली क्रेडिट जमा राहतात त्या क्रेडिट बँकेत ती जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, तेव्हा मध्ये थांबणार असाल तर तारीख लिहून ठेवा.

आणि चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करायचं असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. सहाही सेमिस्टरला सारखे क्रेडिट धरले आणि पहिल्या चारांची सरासरी ७० असली, तर उरलेल्या दोन्हींत सरासरी ८५ पाडावे लागतील. हा हिशोब चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागला त्याच दिवशी मांडा.