संग्रहालयात मुलं दहा मिनिटांत कंटाळतात? 'एकच चित्र' करून बघा

सुट्टीत मुलांना चित्रं दाखवायला न्यावं, तर सगळी दालनं पळत संपतात आणि "आता भेळ खायला चला" सुरू होतं. आम्ही हल्ली असं करतो:

१. आधी एक भरभर फेरी. पळू दे, अडवू नका.

२. मग प्रत्येकानं एकच चित्र निवडायचं. मोठ्यांनीसुद्धा. त्याच्यासमोर पाच मिनिटं, मोबाइल पिशवीत.

३. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: काय दिसलं, काय आवडलं, काय कळलं नाही. तिसरी सगळ्यात कामाची.

४. रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी वही उघडायची आणि त्यावरून बायबलमधला शास्त्रभाग शोधायचा.

कोल्हापुरात राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांढरे यांचं कलादालन आहे, त्यांच्या राहत्या घरातच. तिथली पावडर शेडिंगची, म्हणजे कोरड्या पुडीनं छटा दिलेली चित्रं बघून धाकटीनं लिहिलं, "फुंकर मारली तर उडेल का?" रात्री स्तोत्र १०३ काढलं; आपण माती आहोत हे देव आठवतो, ते १४वं वचन. आदल्या दिवशी शाळेत ती मैत्रिणीशी भांडून आली होती. वचन वाचल्यावर स्वतःच म्हणाली, "मग तीपण मातीच ना, पप्पा? उद्या बोलते तिच्याशी." मी तर गप्पच बसलो.

एक मात्र सांभाळा: चित्रासमोर उभं राहून प्रवचन देऊ नका. वचन घरी. आणि सोमवारी निघू नका, बहुतेक सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.