रॉक गाण्यांचा अर्थ लावताना या चुका टाळा

कळंगुटच्या शॅकमध्ये असो की फोंड्याच्या बारमध्ये, गिटारवाला बसला की 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची फर्माईश ठरलेली. गाणं संपायच्या आत टेबलावरचा एखादा जाणकार सुरू होतो, "अरे, हे सैतानाच्या पंथाचं गाणं रे!" ईगल्स बॅंडच्या 1976च्या या गाण्याबद्दल त्यांच्याच डॉन हेन्लीनं अनेकदा सांगितलंय, की ते अमेरिकेतल्या चैनीच्या अतिरेकावर आहे. पण सैतान जास्त चवीनं सांगता येतो ना.

आपली पहिली चूक जुन्या सवयीतून येते. 'काट्याच्या अणीवर वसले तीन गाव' म्हटलं की बुवा निरूपणाला उभे राहतात आणि तीन गाव म्हणजे तीन गुण, अशी एकेक गाठ सोडवत जातात. नाथांच्या भारुडात तर विंचू म्हणजे काम-क्रोध, हे भारूडच सांगून टाकतं. तिथे किल्ली असते, कारण ती ठेवलेली असते. रॉक गाण्यात ती असेलच असं नाही. बीटल्सच्या जॉन लेननला कळलं, की त्याच्या जुन्या शाळेत मास्तर मुलांना बीटल्सच्या गाण्यांचं रसग्रहण करायला लावतात. त्यानं 1967 साली 'आय ॲम द वॉलरस'मध्ये मुद्दाम कुणाला लागणार नाहीत अशा ओळी घातल्या. तरी लोक शोधतच राहिले, म्हणून पुढच्या वर्षी 'ग्लास अनियन'मध्ये त्यांची आणखी फिरकी घेतली. अशा गाण्यात प्रत्येक शब्दाला अर्थ चिकटवत बसलात, तर त्याच्या सापळ्यात तुम्ही नेमके सापडलात.

शब्द नीट ऐकू आलेत का, हे आधी तपासा. क्रीडन्स बॅंडच्या 'बॅड मून रायझिंग'मध्ये 'बॅड मून ऑन द राइझ'च्या जागी 'बाथरूम ऑन द राइट', म्हणजे उजवीकडचं बाथरूम, ऐकणारे इतके निघाले, की त्यांचा गायक जॉन फोगर्टी कार्यक्रमात गमतीनं तीच ओळ गातो.

गाण्यातला 'मी' म्हणजे गायक, ही चूक सगळ्यात महागात पडते. एल्टन जॉनची बहुतेक गाजलेली गाणी बर्नी टॉपिननं लिहिलीत, आणि आपण त्यात एल्टनचं आयुष्य शोधतो! कधीकधी लिहिणारा आणि गाणारा एकच असतो, तरी बोलणारा तिसराच. 'द पोलिस' या बॅंडचं 1983चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' रिसेप्शनला नवरा-नवरीच्या नाचासाठी लावलं जातं. चाल बाजूला ठेवून नुसते शब्द वाचा: सोडून गेलेल्या बाईच्या प्रत्येक पावलावर नजर ठेवणारा माणूस बोलतोय. मुलीच्या बापानं वाचले तर बॅंड थांबवेल.

गाण्यामागची म्हणून फॉरवर्ड आलेल्या कथेची तर आधी तारीखच गाण्याच्या तारखेशी ताडून बघा, अर्ध्या तिथेच गळतात.

मात्र प्रत्येक वेळी कवी अर्थ सांगेलच, असंही नाही. क्वीन बॅंडचं 'बोहेमियन रॅप्सडी' 1975 सालचं. ते लिहिणारा-गाणारा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, म्हणून आपल्याकडे गाण्यातल्या 'बिस्मिल्ला' या शब्दावर जरा जास्तच तर्क चालतात. तो 1991 साली गेला, तोवर त्यानं अर्थ उलगडून सांगितला नाही. तेव्हा ज्याला जे वाटतं ते खुशाल सांगावं, फक्त 'फ्रेडीला हेच म्हणायचं होतं' एवढं त्यात घालू नये.