बँडच्या जुन्या कॅसेटी वाचवायच्या तर

कॅसेट हाती लागली की लगेच वाजवू नका. आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे लग्नाच्या बँडची सुरुवातीची रेकॉर्डिंगं माळ्यावर नाहीतर पत्र्याच्या पेटीत सापडतात आणि इथला मे महिना 45 अंशांना टेकतो. कवच वाकलेलं असतं, फितीमागचा नमद्याचा तुकडा गोंद सुकून निखळलेला असतो. आधी पेन्सिलीने चाकं हलकेच फिरवून बघा. अडलं तर जोर लावायचा नाही, फीत स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कवचात घाला. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूलाच ठेवा. वरच्या कडेचे दोन्ही कान मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.

डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवायच्या मशीनचं, हेड (फितीला टेकून आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि वाळू द्या. आता खरं काम. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो. रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचं हेड किंचित तिरकं असेल तर आपल्या डेकवर सगळं दबकं वाजतं. गाणं चालू ठेवून स्क्रू अगदी सावकाश फिरवा. झांज भिंतीपलीकडून आल्यासारखी बुजलेली असते, ती एका जागी अचानक सुटी होते आणि क्लॅरिनेटवाल्याने घेतलेला दमसुद्धा ऐकू येतो. तिथेच थांबा. बाजू बदलली की पुन्हा जुळवा. हा कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया जातं.

डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डबीत, वायर द्या. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओत तासाला साधारण 1 जीबी होते. एमपी3 फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला. मूळ फाइलमधला खरखराट, फटाके, जनरेटरची घरघर काढू नका. वरात कशी होती ते त्यातच आहे. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड झालेलं गाणं आज जलद आणि चढ्या सुरात वाजतं. ते दुरुस्त करायचं, पण वेगळ्या प्रतीवर.

नुसता आवाज वाचवून भागत नाही. म्हातारे वादक आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, गाणं लावा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्या. एका कॅसेटवर मालकांचं एकट्याचं नाव होतं. मी त्यांनाच विचारलं, "नाना, हाऊ क्लॅरिनेट तुम्हनाच शे ना?" नाना म्हणाले, "नही रे भो, धाकला भाऊना शे. मन्हं बोट इतलं पयत नही." म्हणजे त्यांचं बोट इतकं पळत नाही. धाकट्या भावाचं नाव कुठेच छापलेलं नव्हतं. आता ते फाइलसोबतच्या नोंदीत आहे, कोणी सांगितलं त्यासकट. सुपारीची, म्हणजे बँड ठरवल्याच्या नोंदींची, वही मिळाली तर तिचं पान न् पान फोटो काढून ठेवा. गाव, तारीख, ठरलेली रक्कम, किती माणसं गेली, सगळं तिच्यात असतं. लग्नपत्रिकेशी ताडून बघितलं की रेकॉर्डिंगची तारीख पक्की होते.

प्रती तीन करा, त्यातली एक दुसऱ्या गावी. मूळ कॅसेट फेकू नका. उभी, स्पीकरपासून लांब ठेवा. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे 60 वर्षं चालतो आणि चालींचा हक्क वेगळा, म्हणून यूट्यूबवर टाकण्याआधी बँडच्या घरच्यांना आणि हक्कदारांना विचारा. वादकांच्या घरी मात्र पेनड्राइव्ह लगेच पोहोचवा, नावांच्या यादीसकट.