जुना कूलर, फ्रिज, एसी विकायचाय? किंमत अशी काढा

मागच्या जुलैत मी घरचा लोखंडी कूलर विकायला काढला आणि तिथंच फसलो. नागपुरात कूलर होळीनंतर विकायचा असतो, मृग लागला की त्याच कूलरकडे कोणी ढुंकून पाहत नाही. एक जण आला, टाकीच्या तळाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार! "भाऊ, हा तर पत्राच गेला, कबाडीच्याच भावात घेईन." बरं, तो चूकही नव्हता. मोटर, पंप बदलता येतात, वाळ्याच्या ताट्या तर दरवर्षी नव्याच लागतात, पण टाकी सडली की कूलर संपला समजा.

बाकी सामानासाठी माझा हिशोब साधा आहे. तुम्ही केवढ्याला घेतलं ते विसरून जा बाप्पा, तसलीच नवी वस्तू आज सीताबर्डीच्या बाजारात कितीला मिळते तिथून सुरू करा. पहिल्या वर्षाचे ३० टक्के कापा, मग दरवर्षी उरलेल्या रकमेतले १५ टक्के. हा काही नियम नाही, माझा अंदाज आहे. समजा नवा फ्रिज २०,००० चा आहे आणि तुमचा ६ वर्षं जुना, तर साधारण ६,२०० येतात. त्यातून दुरुस्ती वजा करायची. दारात दहाची नोट ठेवून दार लावा आणि ओढून पाहा, सहज निघाली तर रबर सैल झालंय, म्हणजे घेणारा ते पैसे कापणारच. कंप्रेसरची वॉरंटी बाकी असेल तर बिल शोधून ठेवा, बोलणी करताना लई कामी येतं.

एसीचं जरा वेगळं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचाही, म्हणजे नवाच स्वस्त झाला तर जुन्याचा भावही खाली येणार, काहून कोणी जास्त देईल? शिवाय जुलै २०२२ मध्ये वीजबचतीच्या स्टारचे निकष कडक झाले, तेव्हा आधीचा ५ स्टार साधारण ४ स्टारच धरला गेला, म्हणून स्टिकरवरचं वर्ष वाचा, नुसते स्टार मोजू नका. थंड करणारा गॅस जुना आर-२२ असेल तर आणखी कमी धरा, नव्यात आता बहुतेक आर-३२ असतो. स्प्लिट असेल तर काढणं, नेणं, परत बसवणं, गॅस भरणं हा सगळा खर्च घेणारा तुमच्याच किमतीतून कापतो, विंडोमध्ये ही भानगड कमी. कंडेन्सर तांब्याचा असेल तर ते आधी सांगा, मेला तरी भंगारात तांब्याला भाव आहे.

वॉशिंग मशीन रिकामं स्पिनवर लावून कान द्या. घरघर आली की बेअरिंग गेलं, आणि फ्रंट लोडमध्ये ते काम महागात जातं. बोअरच्या पाण्यावर चाललेलं असेल तर ड्रमवर पांढरा थर दिसतो, तो आधी साफ करून घ्या. मिक्सर, इस्त्रीचा हिशोब करत बसू नका, देऊन टाका कोणाला तरी.

आलेला आकडा मागायचा नाही, त्यावर हजार-पाचशे चढवून सांगायचा, कारण घासाघीस होतेच. पण सगळ्यात आधी कबाडीला किलोचा भाव विचारून ठेवा. त्याच्या खाली आले की सरळ नाही म्हणा. माझा कूलर शेवटी कबाडीलाच गेला, आणि स्टँडसुद्धा फुकट घेऊन गेला तो.