उटण्यातल्या नागरमोथ्यापासून बर्च टारपर्यंत: परफ्युमरीत नवीन असाल तर

भोसरीत एका छोट्या फ्रॅग्रन्स युनिटमध्ये काम करतो, कंपाउंडिंगपासून (फॉर्म्युल्याप्रमाणे तेलं मोजून मिसळणं) सुरुवात केली आणि आता ट्रायल, म्हणजे नव्या वासाचे नमुने, बनवतो. नवीन येणाऱ्या पोरापोरींना धुराचं भारी वेड असतं. ऊद, लेदर, शेकोटी असले वास रील्सवर गाजतात, त्यामुळे आल्या आल्या बर्च टारची (बर्च झाडाच्या सालीपासूनचं धुरकट डांबर) बाटली मागवायची घाई. माझं मत उलटं आहे, ती बाटली सगळ्यात शेवटी घ्या.

सुरुवात नागरमोथ्यापासून करा. दिवाळीच्या उटण्यात असतो तोच, लव्हाळ्याचे गड्डे. परदेशी पुस्तकांत याच्या तेलाला सायप्रिओल म्हणतात. मातकट, लाकडी, मागे हलका धूर, आणि खऱ्या ऊदाशिवाय ऊदाचा भास करायचा असेल तर बहुतेक फॉर्म्युल्यांत हे असतंच. दुसरा वाळा. माठात टाकतो तो आपल्याला गार वाटतो, पण जावाचा वाळा हुंगून बघा, त्यात सरळ जळकी, धुरकट बाजू आहे, उत्तरेतल्या रूह खसमध्ये (तिकडचं वाळ्याचं तेल) ती जवळजवळ नाही. एकाच गवताचं मूळ आणि वास एवढा वेगळा, हे दोन ब्लॉटर (वास घ्यायच्या कागदी पट्ट्या) शेजारी धरून बघितल्याशिवाय पटत नाही.

तिसरं गुआयकवुड. पॅराग्वेच्या बाजूचं, ग्रान चाको भागातलं झाड. तेल म्हणतात पण बाटलीत घट्ट गोळा असतो, पुण्याच्या थंडीत तर दगडच, कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करायचं, थेट गॅसवर अजिबात नाही. वास गोडसर, थोडा गुलाब, थोडा धुरी दिलेल्या चहासारखा, आणि इतका सभ्य की नवशिक्याच्या हातूनही बिघडणं कठीण. हे झाड २०१० पासून साइट्सच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, आसामचं अगरू, म्हणजे ऊदाचं झाड, तर १९९५ पासूनच, म्हणून सप्लायरकडे कागदपत्रं मागायची लाज वाटू देऊ नका. सीओए (मालाच्या तपासणीचं प्रमाणपत्र) आणि जीसी रिपोर्ट (तेलात कुठले घटक किती आहेत ते दाखवणारी चाचणी) मागितला की कोण टाळाटाळ करतो ते लगेच कळतं. बाटल्या, ड्रॉपर, फनेल मात्र पुण्यातल्या बोहरी आळीत फिरून घ्या, ऑनलाइनपेक्षा स्वस्त पडतात आणि हातात घेऊन बघता येतात.

आता खरे धूरवाले, म्हणजे केड आणि बर्च टार. ही वाफेवर काढलेली तेलं नव्हेतच. केडला ज्युनिपरचं लाकूड आणि बर्चला झाडाची साल, हवा न देता तापवतात, त्यातून जे बाहेर पडतं ते गार करून गोळा करतात. लाकडातलं लिग्निन फुटून ग्वायाकॉल, क्रेओसोल असले फिनॉल तयार होतात आणि धुराचा वास म्हणतो तो मुख्यतः यांचाच. ग्वायाकॉल भाजलेल्या कॉफीतही असतं. आपल्याकडे हीच गोष्ट चोया नावाने चालते, चोया लोबान, चोया राळ, आणि चोया नख तर चक्क शिंपले भाजून. माझ्या मते चोया लोबान आपल्या नाकाला केडपेक्षा लवकर कळतो, कारण देवघरातला धूप आपण लहानपणापासून घेतलेला असतो.

कच्चं केड किंवा कच्चं बर्च टार परफ्युममध्ये वापरायचं नाही, आयफ्राचा (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) सरळ नियम आहे. त्यात कॅन्सरशी संबंध असलेली पीएएच नावाची रसायनं असतात. रेक्टिफाइड, म्हणजे पुन्हा शुद्ध केलेला, ग्रेडच घ्यायचा, आणि त्यातली बेंझोपायरीन व बेंझअँथ्रासीन मिळून तयार मालात एक पीपीबीच्या (अब्जात एक भाग) वर जाता कामा नये. "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" असं कोणी काउंटरवर सांगितलं तर तिथून घेऊ नका.

प्रमाणाचं बोलू, कारण सगळा खेळ इथेच आहे. आधी एक टक्क्याचं द्रावण करा, म्हणजे वीस ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅम तेल, बाकी डीपीजी, गढूळ झालं तर डीईपी (दोन्ही तेल पातळ करायची बिनवासाची द्रावकं). दहा ग्रॅमच्या ट्रायलमध्ये या द्रावणाचे ०.१ ग्रॅम टाकले की खरं टार ०.०१ टक्का झालं. हसू येईल एवढं कमी, पण इथूनच वर चढायचं. थेंब मोजू नका, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि प्रत्येक बदल वहीत लिहा. धूर ओळखू आला की बहुतेक वेळा तो जास्त झालेला असतो, तो चंदन-पचौलीच्या खाली राहून त्यांना कोरडेपणा देतो तेव्हा छान काम करतो. ब्लॉटर लगेच हुंगून निर्णय घेऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी परत घ्या, बाकी सगळं उडून गेलेलं असतं आणि हा ठाण मांडून बसलेला असतो. आणि याचे ड्रॉपर वेगळे ठेवा, बाटली दोन पिशव्यांत बंद, नाहीतर मोगऱ्याच्या ट्रायललाही हुरडा पार्टीचा वास येईल.

करिअर म्हणाल तर फाइन परफ्युमची स्वप्नं ठेवा पण नोकरी बहुतेक अगरबत्ती, साबण, डिटर्जंटमध्ये मिळते. तिथे धुराचे नियमच बदलतात. अगरबत्ती जळताना कोळसा आणि काडीचा धूर असतोच, त्यामुळे ब्लॉटरवर मस्त वाटलेला स्मोकी फॉर्म्युला जाळल्यावर नुसता जळका लागतो, तो जाळूनच तपासायचा, ते पण बंद खोलीत आणि मग दार उघडून पॅसेजमध्ये. पांढऱ्या साबणात तर टारचा रंग उतरतो, ते विसराच.

शिक्षणासाठी केमिस्ट्रीची बीएससी असेल तर मुलुंडच्या वझे कॉलेजचा परफ्युमरी आणि कॉस्मेटिक्सचा पीजी डिप्लोमा बघा, कनौजच्या एफएफडीसीमध्ये (सुगंध आणि चव विकासाचं सरकारी केंद्र) छोटे कोर्सही असतात, आणि तिथे गेलात तर देग-भपक्यावर (तांब्याची पारंपरिक भट्टी) अत्तर निघताना नक्की बघा. इंटरव्ह्यूला ब्लॉटर देऊन "काय वाटतं" विचारतात तेव्हा "वुडी, स्मोकी" एवढंच बोलू नका, विझलेल्या चुलीचा आहे, बंबातल्या ओल्या लाकडाचा आहे की धुपाटण्यातला, ते सांगा, आणि मग कुठलं तेल असू शकेल याचा अंदाज द्या.